ओकच्या फांदीवरची फिकट हिरवी झुडपं: नाव सांगण्याआधी उलटून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात राहणाऱ्या एका ताईंच्या घरामागे जुना ओक आहे. जानेवारीतल्या वादळात त्याच्या काही फांद्या मोडून पडल्या. त्यांवर हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेली, फिकट हिरवी, मऊ झुडपं दिसली. पुण्याहून आलेल्या सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, "अगं, हे तर दगडफूल!" मोबाइलवरच्या अ‍ॅपनं मात्र 'ओकमॉस' असं नाव दिलं. ताईंनी सहा फोटो पाठवलेत आणि चार गोष्टी विचारल्यात: हे नेमकं काय आहे, झाडाला याचा त्रास होतो का, गोड्या मसाल्यात घालता येईल का, आणि याची नीट नोंद करायची तर वर्णन कसं लिहायचं.

ताई, नाव आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. हे शैवाक आहे, म्हणजे लायकेन, आणि जात एव्हर्निया प्रुनास्ट्री. अ‍ॅपचं उत्तर बरोबर आहे. पण अ‍ॅपनं ते ज्या फोटोवरून दिलं, त्या फोटोवरून मी दिलं नसतं. तुमच्या पहिल्या चार फोटोंत फक्त वरची बाजू दिसते, आणि वरच्या बाजूनं अशी दिसणारी निदान तीन शैवाकं तुमच्या त्याच ओकवर असू शकतात. माझी खात्री पटली ती पाचव्या फोटोमुळे. तिथे एक तुकडा उलटा पडलाय आणि त्याचं पोट पांढरं आहे. पाठ हिरवट, पोट पांढरं. या एका गोष्टीनं बहुतेक निकाल लागतो.

मी शैवाकं गोळा करायला लागलो त्याला तीस वर्षं होऊन गेली. सुरुवात महाबळेश्वरच्या जंगलात झाली, पुढे काही वर्षं युरोपातल्या संग्रहांत काम केलं. या सगळ्या काळात सर्वांत जास्त चुका कशामुळे झालेल्या पाहिल्या असतील, तर नमुना न उलटता नाव ठरवल्यामुळे. म्हणून या उत्तरात मी नावापेक्षा नाव कसं ठरवायचं यावर जास्त लिहिणार आहे.

शैवाक म्हणजे काय, हे दोन वाक्यांत. ही एक वनस्पती नाही. बुरशी आणि तिच्या आत राहणारं हिरवं शैवाल यांचा तो जोडसंसार आहे. घर बुरशी बांधते, उन्हातून अन्न शैवाल बनवतं. 'एव्हर्निया प्रुनास्ट्री' हे नाव खरं तर त्यातल्या बुरशीचं. शैवालाची प्रजाती वेगळी, ट्रेबुक्सिया नावाची. स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ साली ही दुहेरी रचना मांडली तेव्हा त्या काळातल्या मोठमोठ्या शैवाकतज्ज्ञांना ती मुळीच पटली नाही. त्यांतले एक विल्यम निलांडर. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहेत.

'ओकमॉस' या नावानं गोंधळ होतो. हे मॉस नाही. मॉस ही खरीखुरी हिरवी वनस्पती, पावसाळ्यात आपल्याकडच्या भिंतींवर मखमलीसारखी उगवते ती. आणि हे फक्त ओकवरच उगवतं असंही नाही. सजीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये याला 'लायकेन प्रुनास्ट्री' म्हटलं, ते प्रुनस प्रजातीतल्या काटेरी झुडपांवरून. पुढे १८१० मध्ये स्वीडनच्या एरिक आकारियस यांनी त्याला एव्हर्निया या प्रजातीत नेलं. आकारियस पेशानं डॉक्टर आणि लिनियसच्या हाताखाली प्रबंध सादर करणारे अखेरचे विद्यार्थी. शैवाकांचा स्वतंत्र अभ्यास त्यांच्यापासून सुरू झाला असं मानतात.

आता तुमच्या नमुन्याकडे येऊ. पडलेल्या फांदीवरचा एखादा चांगला वाढलेला झुपका घ्या. झाडावरचा ओढू नका, पडलेल्यातच भरपूर मिळेल. पांढऱ्या कागदावर ठेवा, खिडकीजवळच्या उजेडात. दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर उत्तम. सोनार डोळ्याला लावतात तसलंही चालेल.

पहिल्यांदा बोटांनी बघा. कोरडा असूनही झुपका मऊ लागतो का? एव्हर्निया कोरडी असतानाही लिबलिबीत वाटते, दाबली की दबते, फाटे बोटांभोवती सहज वळतात. तिच्याशी सर्वांत जास्त गल्लत होते ती रामालिना फॅरिनेशियाची. ती तुमच्या भागात अगदी सर्रास आढळते. तिचे फाटेही चपटे, लोंबते, तसेच फिकट हिरवे. पण ते कोरडे असताना ताठ, कुरकुरीत लागतात. कारण कवचाच्या आत तिच्याकडे चिवट धाग्यांचा एक थर असतो, जवळजवळ कूर्चेसारखा. एव्हर्नियाचा गाभा मात्र कापसासारखा सैल. हा फरक एकदा हाताला कळला की विसरत नाही. पंधरा-वीस झुपके हाताळल्यावर डोळे मिटूनही सांगता येतं.

मग उलटा. रामालिनाच्या फाट्याला पाठ-पोट नसतं, दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या. एव्हर्नियाला असतं. वरची बाजू पिवळसर हिरवी ते करडी, खालची पांढरी. खालच्या पांढऱ्यावर कडेकडेनं हिरवट ठिपके किंवा डाग असू शकतात, ते पाहून गोंधळू नका. अगदी कोवळ्या झुपक्यात फरक फार ठळक नसतो, म्हणून मी मोठा झुपका घ्यायला सांगितलं. आणि ओल्या नमुन्यावर हा निर्णय घेऊ नका. भिजलं की कवच पारदर्शक होतं, आतलं शैवाल उजळून दिसतं आणि सगळंच हिरवं वाटायला लागतं. डेव्हनच्या हिवाळ्यात कोरडा नमुना मिळणं कठीण, हे मला माहीत आहे. वर्तमानपत्रावर एक रात्र पसरून ठेवा, सकाळी बघा.

तिसरी गोष्ट, पीठ कुठे आहे. बऱ्याच झुडपी शैवाकांच्या अंगावर पिठासारखे कण दिसतात, त्यांना सोरेडिया म्हणतात. बुरशीचे धागे आणि शैवालाच्या पेशी यांची ती छोटी पुरचुंडी. वाऱ्यानं, पावसाच्या थेंबानं किंवा पक्ष्याच्या पायाला लागून ती दुसऱ्या फांदीवर जाते आणि तिथे दोन्ही भागीदार एकदमच पोचतात. एव्हर्नियात हे पीठ कडांवर आणि पाठीवरच्या सुरकुत्यांच्या कंगोऱ्यांवर विस्कटलेलं, भरड, ठरावीक आकार नसलेलं असतं. रामालिना फॅरिनेशियात ते कडेवर नीट लंबगोल ठिपक्यांत बसलेलं असतं, जणू कोणी मोजून टिकल्या लावल्यात. भिंगाखाली हा फरक बघायला मला आजही आवडतं.

इथे माझी एक जुनी चूक सांगायला हवी. युरोपात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी चाळीसेक नमुने गोळा केले आणि घाईनं, ओले असतानाच, वरून पाहून पाकिटांवर नावं लिहिली. वसंतात पाकिटं उघडली तर 'एव्हर्निया' लिहिलेल्या पाकिटांतली अकरा रामालिना निघाली. नाव बदलता आलं, पण त्यांतल्या काहींबरोबर मी उंचीची, सालीची, झाडाची नोंदच केलेली नव्हती. नाव ठरलंय, आता बाकीचं कशाला, असं वाटलं होतं. ते नमुने पुढे कशाच्याच उपयोगाचे राहिले नाहीत. तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी दिसतं ते सगळं लिहायचं, नाव शेवटी.

बाकीची मंडळी ओळखायला सोपी आहेत. उस्निया म्हणजे 'म्हाताऱ्याची दाढी', तिचे फाटे गोल, दोऱ्यासारखे. तिची परीक्षा मला महाबळेश्वरला शिकवली गेली आणि तीच डेव्हनमध्येही चालते. ओला फाटा दोन्ही हातांनी हळूच ताणायचा. बाहेरचं कवच मण्यांसारखं तुटतं आणि आतून पांढरा, लवचिक दोरा दिसतो, अगदी कापडात शिवलेल्या इलॅस्टिकसारखा. असा दोरा दिसला की ती उस्नियाच. एव्हर्नियात तो नसतो. स्यूडेव्हर्निया फरफ्युरेसिया हेही चपट्या फाट्यांचं, पण पाठ राखाडी आणि पोट पन्हळीसारखं खोलगट, टोकाकडे फिकट असलं तरी बुडाकडे काळपट होत गेलेलं. तिच्या पाठीवर पिठाऐवजी बारीक खुंट असतात, त्यांना इसिडिया म्हणतात. रामालिना फॅस्टिगिएटाचे झुपके ताठ उभे, आणि फाट्यांच्या टोकांना छोट्या तुतारीच्या तोंडासारख्या बशा. या बशा म्हणजे बुरशीची फळं, त्यांत तिचे बीजाणू तयार होतात. एव्हर्नियात बशा क्वचितच सापडतात. सापडल्या तर तांबूस तपकिरी असतात.

एक सावधगिरी. तुमच्या भागात क्वचित केशरी-पिवळ्या रंगाचं, केसाळ, झुपकेदार शैवाक दिसू शकतं, टेलोशिस्टिस फ्लाव्हिकन्स. ब्रिटनमध्ये त्याला कायद्यानं संरक्षण आहे. दिसलं तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा, हात लावू नका.

आता रंगाच्या चाचण्या. विचारल्या नाहीत, पण वर्णन लिहायचं तर लागतील. शैवाकाच्या बुरशीत अशी रसायनं बनतात की जी इतर सजीवांत फारशी आढळत नाहीत, आणि ती जातीगणिक वेगळी असतात. १८६६ मध्ये याच निलांडर यांनी पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ब्लीचिंगचं पाणी शैवाकावर टाकून रंग बदलतो का, हे पाहायला सुरुवात केली. श्वेंडेनर यांचा सिद्धान्त त्यांनी कधी मान्य केला नाही, पण आज जगातला प्रत्येक शैवाकतज्ज्ञ त्यांच्याच चाचण्या वापरतो. पहिलीला 'के' म्हणतात, दुसरीला 'सी'. १९३०च्या दशकात जपानच्या यासुहिको असाहिना यांनी तिसरी दिली, 'पी'. तिला पॅराफिनिलिनडायअमाइन लागतं, केसांच्या कलपात आणि काळ्या मेंदीत असतं तेच. ते विषारी आहे आणि त्वचेवर वाईट ॲलर्जी आणतं, म्हणून घरी करायची नाही.

घरी 'सी' करता येते: सुगंध नसलेलं साधं ब्लीच, काडीच्या टोकानं एक थेंब. व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर जवळ ठेवू नका, दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू निघतो. पाठीवरचं कवच ब्लेडनं हलकं खरवडून आतला पांढरा गाभा उघडा आणि तिथे थेंब लावा. एव्हर्नियात रंग बदलणार नाही. स्यूडेव्हर्नियाच्या काही नमुन्यांत गाभा लाल होतो. 'के'साठी दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं. ते कातडी जाळतं, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घालूनच, शक्यतो कुणा अनुभवी माणसाबरोबर करा. एव्हर्नियाच्या पाठीवरच्या कवचाला ते पिवळं करतं, कारण तिथे अट्रानोरिन नावाचं रसायन असतं. गाभ्यातल्या एव्हर्निक आम्लावर काहीच परिणाम दिसत नाही. रामालिनाचं कवच पिवळं होत नाही. कवचातल्या हिरवट-पिवळ्या छटेला उसनिक आम्ल कारण आहे. कधीकधी ते नसलेले निव्वळ राखाडी नमुने मिळतात, तेव्हा रंगावर विसंबलेला माणूस फसतो आणि उलटून बघितलेला माणूस फसत नाही.

वर्णन कसं लिहायचं, याचा नमुनाच देतो. तुम्ही तिसऱ्या फोटोत शेजारी पट्टी ठेवलीत, फार चांगलं केलंत. त्यावरून मापं घेतलीत. चाचण्यांचे निकाल या जातीत अपेक्षित आहेत ते लिहिलेत; तुम्ही करून बघाल तेव्हा तुमचे घाला, न केल्यास तो भाग सोडा.

"ओकच्या पडलेल्या फांदीवर, फांदी अंगठ्याएवढी जाड, पडण्यापूर्वीची उंची अंदाजे ५ मीटर, साल खडबडीत. देह झुडपी, लोंबता, एकाच बुडाशी चिकटलेला, ५.५ सेंमी लांब, कोरडा असताना मऊ व लवचिक. फाटे पट्टीसारखे चपटे, २ ते ४ मिमी रुंद, वारंवार दोन-दोन होत गेलेले, टोकाकडे निमुळते. वरची बाजू कोरडी असताना फिकट पिस्त्याच्या रंगाची, चमक नसलेली, बारीक सुरकुत्या व कंगोरे असलेली. खालची बाजू पांढरी, कडांजवळ हिरवट डाग. सोरेडिया भरड, पांढरट, कडांवर व कंगोऱ्यांवर विखुरलेले, निश्चित ठिपक्यांत नाहीत. इसिडिया नाहीत. कडांना केस नाहीत. खालच्या बाजूला मुळांसारखे धागे नाहीत. बशा आढळल्या नाहीत. गाभा पांढरा, सैल, मध्ये दोरा नाही. कवच 'के' पिवळं. गाभा 'के' आणि 'सी' दोन्हींना रंगहीन."

यातली 'नाहीत' मोजा. नवशिक्या माणसाच्या वर्णनात फक्त दिसलेलं असतं, पण शोधूनही न दिसलेलं लिहिणं तितकंच महत्त्वाचं. 'इसिडिया नाहीत' हे दोन शब्द नसतील तर वाचणाऱ्याला कळत नाही की ती नव्हती की तुम्ही बघितलीच नाहीत. 'नाही' लिहायला आधी शोधावं लागतं, भिंग लावून, तीन-चार फाट्यांवर. त्याचप्रमाणे प्रत्येक रंगापुढे ओला की कोरडा ते लिहा. 'हिरवा' या शब्दाला शैवाकांत काही अर्थ नाही. पिस्ता, कच्ची कैरी, सुकलेली कोथिंबीर, मुगाची डाळ, अशी घरातली उदाहरणं वापरायला अजिबात संकोच करू नका. ज्याला वर्णन वाचायचंय त्याच्या डोळ्यांसमोर रंग उभा राहिला पाहिजे.

आणि नमुना ठेवायचा तर कागदाच्या पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा राहतो आणि दोन दिवसांत त्यावर वेगळीच बुरशी चढते. पाकिटावर तारीख, जागा, झाड, उंची, आणि कोणी गोळा केलं ते. वाळलेला नमुना असा शंभर वर्षंही राहतो. लिनियसच्या काळातली शैवाकं आजही संग्रहांत पाहायला मिळतात.

सासूबाईंच्या दगडफुलाकडे येतो, कारण त्यांची नजर वाया गेलेली नाही. त्यांनी शैवाक ओळखलं, आणि ते दगडफुलाच्या नात्यातलंच आहे; दोन्ही एकाच मोठ्या कुळातली, पार्मेलिएसीतली. पण जात एक नाही. आपण दगडफूल म्हणून विकत घेतो त्यात मुख्यतः पार्मोट्रेमा प्रजातीची पानासारखी शैवाकं असतात, वरून राखाडी, खालून काळी. आयुर्वेदात ज्याला शैलेय म्हणतात ते हेच. पण बाजारातलं पुडकं कधीही एका जातीचं नसतं. हिमालयातून, विशेषतः उत्तराखंडातून गोळा होऊन येतं तेव्हा त्यात पट्टीसारख्या फाट्यांची, कडांना काळे केस असलेली हायपोट्रॅकिनाही मिसळलेली असते. तिच्या आकारामुळेच सासूबाईंना तुमच्या फांदीवर ओळखीचं काही दिसलं असावं, असा माझा कयास आहे.

हे पडताळून बघणं सोपं आहे आणि त्यासाठी डेव्हनमधल्या इंडियन स्टोअरपर्यंतच जायचंय, किंवा सासूबाईंनी बॅगेतून आणलं असेलच. दगडफुलाचं एक पुडकं पांढऱ्या ताटात ओता. त्यातलं मूठभर घेऊन कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा म्हणजे तुकडे सरळ होतील, मग टिपून वाळवा. आता एकेक तुकडा उलटा. काळं पोट, रुंद पान, कडेला पीठ: पार्मोट्रेमा. काळं, पन्हळीसारखं पोट, अरुंद पट्ट्या, कडेला काळे केस: हायपोट्रॅकिना. मधूनच दोऱ्यासारखं काही आलं तर ताणून बघा, उस्निया असेल. सालीचे तुकडे, पाइनच्या सुया, कधी मॉसही निघेल. शेजारी तुमची एव्हर्निया ठेवा. पांढरं पोट फक्त तिचंच दिसेल. मी विद्यार्थ्यांना पहिला धडा असाच देतो, जंगलात नेण्याच्या आधी, वाण्याच्या दुकानातून आणलेल्या पुडक्यावर. सासूबाईंना बरोबर घ्या. वर्षानुवर्षं दगडफूल निवडलेल्या हातांना हे फरक पटकन कळतात.

एक गोष्ट सासूबाईंना नक्की सांगा. दगडफुलातल्या पार्मोट्रेमा पर्लाटम या जातीला पहिलं शास्त्रीय नाव दिलं ते विल्यम हडसन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं, १७६२ मध्ये, इंग्लंडच्या वनस्पतींची नोंद करताना. ती जात तुमच्या भागात झाडांवर भरपूर उगवते. घरच्या ओकच्या खोडावर राखाडी, लाटालाटांच्या कडांची पानं शोधा, बहुधा सापडेल.

पण सापडली म्हणून मसाल्यात घालायची नाही, आणि एव्हर्निया तर नाहीच. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल चिमूटभर, तेलात परतून वापरतो, पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेला माल म्हणून. एव्हर्नियाला आपल्या स्वयंपाकात असा काही आधार नाही, तिच्यात उसनिक आम्ल आहे, आणि ते जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला इजा करतं. शिवाय शैवाकाला मुळं नसतात, ते हवेतून आणि पावसातून जे येईल ते सगळं अंगात साठवतं. रस्त्याचा धूर, शिसं, शेतातली फवारणी, सगळं. तुमच्या परसातली हवा स्वच्छ वाटली तरी खाण्यासाठी ती खात्री पुरेशी नाही.

एव्हर्नियाचा खरा बाजार अत्तराचा. बाल्कन देशांतल्या जंगलांतून ती टनांनी गोळा होते आणि फ्रान्समध्ये ग्रास गावी तिचा अर्क काढतात. ओली माती, साल, किंचित समुद्र, असा काहीसा तो वास. १९१७ मध्ये फ्रान्स्वा कोटी यांनी 'शीप्र' नावाचं अत्तर काढलं. त्याचा पाया हाच वास होता, आणि पुढे सुगंधांच्या एका अख्ख्या घराण्याला तेच नाव पडलं. पण अर्कातल्या अट्रानॉल आणि क्लोरोअट्रानॉल या दोन द्रव्यांमुळे पुष्कळांना त्वचेची ॲलर्जी होते, म्हणून २०१७ मध्ये युरोपीय संघानं सौंदर्यप्रसाधनांत त्या दोन्हींवर बंदी घातली. आता अर्कातून ती काढून टाकूनच वापरतात. वाळलेला झुपका तळहातावर चोळून बघा, फार मंद वास येतो. तुमची त्वचा नाजूक असेल तर तेवढंही टाळा.

झाडाचं काय, हा तुमचा प्रश्न सर्वांत जास्त लोक विचारतात, इथेही आणि आपल्याकडेही. 'झाडाला बांडगूळ लागलंय' असं म्हणून आंब्यावरची शैवाकं खरवडणारे लोक मी कोकणात पाहिलेत. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवून रस पितं. शैवाक फक्त सालीला धरून बसतं. त्याला फांदी बसायला हवी असते, खायला नाही. म्हाताऱ्या, वाळत चाललेल्या फांदीवर ते जास्त दिसतं हे खरं, पण तिथे पानं विरळ झाल्यामुळे ऊन पोचतं आणि म्हणून ते वाढतं. फांदी त्याच्यामुळे वाळत नाही. खरवडू नका, त्यानं साल दुखावते. आणि ते वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं, म्हणजे तुमच्या हातातला साडेपाच सेंटीमीटरचा झुपका तिथे बरीच वर्षं बसून होता.

उलट तो तिथे आहे ही तुमच्या हवेबद्दल चांगली बातमी आहे. १८६६ मध्येच निलांडर यांच्या लक्षात आलं होतं की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जी शैवाकं आहेत ती शहरात इतरत्र नाहीत, आणि त्याचं कारण हवा. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ या शैवाकतज्ज्ञांनी इंग्लंड-वेल्ससाठी शैवाकांवरून हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण ठरवण्याची शून्य ते दहा अशी पट्टी तयार केली. कोळशाचा धूर आता गेला, पण नवी काळजी नायट्रोजनची आहे: गोठ्यांतून आणि खतांतून उठणारा अमोनिया. एव्हर्नियाला तो सोसत नाही. झँथोरिया या केशरी-पिवळ्या शैवाकाला मात्र तो मानवतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत फांदीच्या टोकाला दोन केशरी चकत्या दिसतात, ती झँथोरियाच असावी. दोन-तीन चकत्यांनी घाबरायचं कारण नाही. पण दर हिवाळ्यात पडलेल्या फांद्या बघताना दोन्हींचं प्रमाण लिहून ठेवलंत, तर पाच वर्षांत तुमच्या परसातल्या हवेचा एक छान आलेख हाती येईल. शेजारी दुग्धशेती आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तर हे मुद्दाम सांगतोय.

सहाव्या फोटोबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण माझं लक्ष तिथेच राहिलंय. डाव्या कोपऱ्यात, ओल्या पानांवर, एक फिकट हिरवी दोरी पडली आहे, मधेमधे आवळलेली, दोन आवळ्यांच्या मधे फुगीर, सॉसेजची माळ असावी तशी. माझ्या अंदाजानं ती उस्निया आर्टिक्युलाटा असू शकते. ती नैऋत्य इंग्लंडातल्या स्वच्छ हवेत वाढते आणि बऱ्याचदा फांदीला घट्ट न चिकटता नुसतीच तिच्यावर लोंबत राहते. फोटोवरून मी तिचं नाव घेणार नाही. तो तुकडा अजून तिथे पडला असेल तर उचलून आणा, ओला असतानाच एक फुगीर भाग हळूच ताणा, आत पांढरा दोरा दिसतो का ते बघा, आणि शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा.